विहिरीकाठच्या बाईचा तपास

“थांबवा! पुढं वाचू नका! हितं एक बाई गायब झाली हाय!”

गोदाक्काचा आवाज मंडपात असा घुमला, की मागच्या खांबाला टेकून घोरणारे दोघे दचकून उठले आणि चपला शोधायला लागले. श्रावणातली दुपार होती. आमच्या गल्लीतल्या कांबळीबुवांच्या देवळात पोथी लागलेली होती. विश्वनाथअप्पा चष्मा सांभाळत ओवी आळवत होते आणि शेजारी अर्थ सांगायला बसलेली अक्का एकदम गुडघ्यांवर उभी राहिली होती.

“कोण गायब झाली अव्वा?” बायकांतली एक म्हातारी घाबरून म्हणाली. “कुणाची पोरगी?”

“बुवाची बायको! आत्ता ह्या ओवीत व्हती. पुढच्या ओवीत न्हाई. मधल्या मधी काय झालं?”

“गोदा,” अप्पा हळूच म्हणाले, “अध्याय संपला की इचारू. आरती खोळंबून राहिली.”

“भावजी, आरती काय पळून जाती का? बाई गेली हाय हितं, बाई!”

कांबळीबुवांनी समाधी घेऊन किती पिढ्या झाल्या हे उदगीरात कुणालाच नक्की ठाऊक नाही. पण त्या दुपारी मंडपातल्या समस्त बायका अशा बेचैन झाल्या, की जणू ती बाई आत्ता कोथिंबीर आणायला म्हणून गेली होती आणि अजून परतली नव्हती. एकीनं तर मोबाईल काढून विचारलं, “फोटो हाय का कुणाकडं? ग्रुपवर टाकते.”

गोदाक्का ही आमची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. वय सत्तरीच्या अलीकडे पलीकडे. नक्की विचारायला गेलात तर ती तुमचंच वय विचारते आणि ते चुकीचं आहे असं सिद्ध करते. अंगानं काटकुळी, पण आवाज असा, की तिनं भिंतीपलीकडून “चहा घेतो का रे?” म्हटलं की आमच्या घरातल्या कपबशा आपोआप वाजतात. मी औषधांच्या कंपनीचा माणूस. लातूर, नांदेड आणि मधल्या गावांतल्या डॉक्टरांना गोळ्यांची महती सांगत फिरणं हा माझा धंदा. म्हणून अक्का मला ‘इंजेक्शन’ म्हणते. माझ्या कंपनीत इंजेक्शन बनत नाही हे मी तिला सांगून दमलो.

आमच्याकडं पोथीला दोन माणसं लागतात. एक वाचणारा आणि एक अर्थ सांगणारा. वाचणाऱ्यानं ओवी म्हणून थांबायचं, सांगणाऱ्यानं ती लोकांना सोडवून सांगायची. वाचणाऱ्यानं अर्थाच्या भानगडीत पडायचं नाही आणि सांगणाऱ्यानं पोथीत डोकवायचं नाही, असा बापजाद्यांपासूनचा दंडक. विश्वनाथअप्पा पहिला नियम इतका कडक पाळतात, की एका साली पोथीच्या शेवटच्या पानावरची अगरबत्तीची जाहिरात त्यांनी त्याच चालीत खड्या आवाजात म्हटली आणि लोकांनी हात जोडून ऐकली. अक्कानं तिचाही अर्थ सांगितला. लोकांना तो फार पटला.

अर्थ सांगायची गादी मूळची अक्काच्या सासऱ्यांची. त्यांच्यानंतर ती मुलाकडं जायची, पण मुलगा गावात नव्हता. म्हणून सुनेला बसवलं, आणि सुनेनं ती अशी सांभाळली, की अक्का बोलायला लागली की प्रसादाचं ताट घेऊन आलेला माणूस ताट हातातच धरून उभा राहतो आणि प्रसादाला मुंग्या लागतात.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. बिघडवलं ते नांदेडच्या बसस्टँडाबाहेरच्या एका जुन्या पुस्तकांच्या गाड्यानं.

तिथून मी एकदा एक जाडजूड रहस्यकादंबरी उचलली. परदेशातली, मराठीत आणलेली. मुखपृष्ठावर एक मोठं चर्च, एक पिस्तूल आणि एक पाठमोरी बाई. त्या बाईच्या पाठीवर कापड म्हणून जे होतं त्यात आमच्याकडं दह्याचं गाडगंसुद्धा झाकलं गेलं नसतं. वाचून झाल्यावर मी ते पुस्तक अक्काच्या ओट्यावर विसरलो. दोन दिवसांनी पाहतो तर अक्का डोळे तांबारून दारात उभी.

“इंजेक्शन, दुसरं आण.”

“अक्का, वाचलंस? एवढं जाड?”

“वाचलं कशाला, गिळलं. डाळ करपली, दूध उतू गेलं, मांजरानं लोणी खाल्लं. पर त्या मठातल्या थोरल्या म्हाराजाला मी तिसऱ्याच प्रकरणात वळखलं व्हतं. लई गोड बोलून राहिला व्हता. गोड बोलणारा म्हंजे काई तरी शिजून राहिलंय.”

‘काई तरी शिजून राहिलंय’ हे तेव्हापासून अक्काचं ब्रीद झालं. दूधवाला उशिरा आला, काई तरी शिजून राहिलंय. नगरपालिकेनं वेळेवर पाणी सोडलं, मग तर नक्कीच काई तरी शिजून राहिलंय.

पुस्तकाकडं मी पाहिलं तर मुखपृष्ठावरच्या बाईला अक्कानं निळ्या बॉलपेननं लुगडं नेसवलं होतं. चांगलं काठापदराचं. वर हातात पिशवी दिली होती.

“ही पिशवी कशाला?”

“पिस्तूल काय हातात घिऊन फिरल का ती बाजारात? पिशवीत हाय.”

तेव्हापासून मी अक्काचा पुरवठादार झालो. औषधांच्या नमुन्यांच्या बॅगेत एका बाजूला गोळ्या, दुसऱ्या बाजूला खून. एकदा अर्धापूरच्या डॉक्टरला खोकल्याच्या औषधाचं पुडकं समजून मी अक्काचं पुस्तक देऊन आलो. पुढच्या आठवड्यात गेलो तर दवाखान्याबाहेर केळीच्या बागा सोडून आलेले लोक तापानं फणफणत बसलेले, आणि डॉक्टर आतून कडी लावून चर्चच्या तळघरात उतरलेले. मला पाहून म्हणाले, “दुसरा भाग कधी आणताय?”

अक्का ही पुस्तकं आंघोळ केल्याशिवाय उघडत नसे. लाल फडक्यात बांधून ठेवी. आणि वाचून झालं की ओट्यावर बसून माझी शिकवणी घेई.

“बघ, समद्या पुस्तकात येकच गोष्ट. लई जुनं देऊळ. देवळाखाली तळघर. तळघरात कागद. कागदात लिवलंय, की पोथीत सांगितलंय तसं झालंच न्हाई, येका बाईला त्यातनं काढून टाकलंय. अन् ते कागद घावू नयेत म्हणून कमिटीचे लोक माणसं मारून राहिलेत.”

“तिकडं पण कमिटी असते?”

“कमिटी समदीकडं असती बाबा.”

“अक्का, पण हे सगळं मनानं रचलेलं असतं. खरं नसतं काही.”

“ते मला कळतंय. मी काय खुळी हाय का? पुस्तक रचल्यालं हाय, पर इचारलेला सवाल रचल्याला हाय का? बाई काढली का न्हाई काढली, येवढं सांग.”

मी बॅग उचलून गाडी गाठायला निघालो.

पण लेखकांवर ती खूश होती असं समजू नका. उलट त्यांना रोज ओट्यावरून शिव्या खाव्या लागत. “धर्मानं बाईला काढली म्हणून गळा काढत्यात, अन् सोता काय करून राहिलेत? पयल्या पानावर येक बाई मारायची. तिचं नाव न्हाई, गाव न्हाई. केस दाखवले, पाठ दाखवली, की मारली. मंग येती हुशार बाई. लई शिकलेली, धा भाषा बोलती. अन् करती काय? दर पानावर गड्याला इचारती, ‘ह्याचा अर्थ काय?’ आगं धा भाषा येऊन!”

“आणि उंच टाचांच्या चपला घालून पळते,” मी भर घातली.

“पळू दी की! आमच्या गल्लीत पळून दावावं म्हणावं. पयल्याच गटारीत घावंल.” मग जरा थांबून अक्का म्हणाली, “अन् तिसरी बाई वाईट असती. सिगरेट वढती. तिलाबी शेवटी मारत्यात. म्हंजे गड्याचं ऐकून घेणारीला लगीन, बाकीच्या दोघींना गोळी. पोथीवाले बरे की रे मग, निदान गोळी तर घालत न्हाईत.”

एवढं होऊनही दुसरं पुस्तक हवंच. “न्हाई वाचलं तर ह्यांचे गुन्हे धरणार कोण?” असं तिचं म्हणणं.

त्या सालचा श्रावण आला आणि अक्का ही सगळी विद्या घेऊन गादीवर बसली. पहिल्या दिवसापासून फरक दिसला. कादंबरीवाले प्रकरणाच्या शेवटी दार वाजवतात आणि कोण आलं ते सांगत नाहीत, हे अक्काच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. तिनं रोजचा अर्थ असाच तोडायला सुरुवात केली. “बुवा झोपडीत ध्यानाला बसलेत. भायेर अंधार. अन् येवढ्यात दार वाजलं… बोला कांबळीबुवा म्हाराज की जय!”

बुवांच्या झोपडीला दार नव्हतं. पण हे लक्षात कोण घेतो? बायका घरी जात त्या अर्ध्या जीवानं. एका घरी जावई अचानक आला, त्यानं दार वाजवलं, तर आतून सासू, मुलगी आणि दोन शेजारणी एका सुरात ओरडल्या. जावई तिथूनच निलंग्याला परत गेला म्हणतात. पोथीला जिथं गेल्या वर्षी मोजक्या म्हाताऱ्या आणि ऊन टाळायला आलेले दोघे असत, तिथं आता मंडप भरून बायका पायऱ्यांवर, पायऱ्या भरून समोरच्या पिठाच्या गिरणीत बसायला लागल्या. गिरणीवाल्यानं पट्टा बंद ठेवला. त्याला स्वतःलाच ऐकू येत नव्हतं.

आणि मग ती ओवी आली.

“विहिरीकाठी उभी कांता । मागे न पाही तो पुढे चालता । मायापाश तुटला तत्त्वता । धन्य वैराग्य बुवांचे ॥”

ही ओवी आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. बुवांना वैराग्य आलं, बायको पाणी भरत होती, ते तिथूनच निघाले आणि वळून पाहिलं नाही. दर साली ह्या ओवीला टाळ्या पडतात. पुढच्या ओवीत बुवा थेट जंगलात असतात आणि वाघ त्यांच्या पायांशी बसतो. पण त्या दिवशी अक्का गुडघ्यांवर उभी राहिली आणि सुरुवातीला सांगितला तो गोंधळ झाला. अप्पांनी घाईघाईनं पुढची पानं चाळली. वाघ होता, साप होता, राजा होता, राजाचा घोडासुद्धा होता. बायको कुठंच नव्हती.

“बघा,” अक्का म्हणाली, “वाघाचं पुढं काय झालं ते लिवलंय. घोड्याचंबी लिवलंय. बाईला विहिरीकाठी हुबी केली ती अजून हुबीच हाय. मला काई तरी शिजल्यालं दिसून राहिलंय. मी समाप्तीच्या दिशी सांगते काय झालं ते. बोला कांबळीबुवा म्हाराज की जय!”

गावाला दुसरा धंदा उरला नाही. ‘विहिरीवाली’ हे तिचं नाव पडलं. भाजीवाली मेथीच्या जुड्या मोजता मोजता विचारी, “विहिरीवालीचं काई कळलं का वो?” कुणी म्हणे तिनं जीव दिला, कुणी म्हणे दिराला जमीन पाहिजे होती, त्यानं ढकललं. सलूनमध्ये दोन गट पडले. एका आजीबाईंनी तर सांगून टाकलं की त्या स्वतः तिच्याच वंशातल्या आहेत, आणि त्यांना दोन दिवस घरोघरी फराळ मिळाला.

ह्यात सगळ्यात जास्त तापले ते तात्यासाहेब. तात्यासाहेब आडत दुकानवाले, देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष. धान्याच्या पोत्यावर बसून बसून त्यांना पोत्याचाच आकार आला आहे. ते अक्काच्या ओट्यावर आले तेव्हा मी तिथंच होतो.

“गोदाबाई, हे काय लावलंय? सत्पुरुषावर शिंतोडे? लोक खून म्हणून राहिलेत, खून!”

“मी खून म्हणलं न्हाई. मी इचारलं, बाई कुठं गेली.”

“तुमचा देवावर विश्वास हाय का न्हाई?”

“देवावर हाय, तात्यासाहेब. लिवणाऱ्यावर न्हाई.”

तात्यासाहेबांचा चेहरा मिरचीच्या पोत्यासारखा झाला. “हे त्या फिजूल पुस्तकांचं काम हाय,” ते माझ्याकडं बघत म्हणाले. मी बॅगेतली एक आम्लपित्ताची गोळी त्यांच्यापुढं केली. त्यांनी ती घेतली, पण मत बदललं नाही. “सरळ सांगतो. समाप्तीला पोथीत लिवलंय तेवढाच अर्थ सांगा. न्हाईतर पुढच्या सालचं नारळ लातूरच्या म्हाराजांना. त्यांचा स्वतःचा साउंड हाय.”

नारळाचं म्हणजे असं: समाप्तीच्या आरतीनंतर अध्यक्ष ज्याच्या हातात नारळ देतात, तो पुढच्या श्रावणात गादीवर बसतो. अक्काला तो नारळ इतकी वर्षं मिळत आला, की तो मिळतो हेच ती विसरली होती. तात्यासाहेब गेल्यावर तिनं पुस्तकाचं लाल फडकं सोडलं आणि न वाचताच पुन्हा बांधलं. अक्का पुस्तक न वाचता बांधते म्हटल्यावर मला भीती वाटली. मी तिची नाडी पाहायच्या बेतात होतो.

कारण गादी गेली तर अक्काचं काय उरतं हे गल्लीला ठाऊक आहे आणि गल्ली ते बोलत नाही. अक्काचा नवरा तरणाताठा असताना बैराग्यांच्या मागं गेला तो गेला. आहे की नाही, कुणाला माहीत नाही. अक्का कपाळाला कुंकू लावते, गळ्यात मणी घालते. पण हळदीकुंकवाचं बोलावणं निघालं की पोरी तिच्या दारापाशी क्षणभर थांबतात आणि पुढच्या दाराला जातात. बोलवावं तर कुणी म्हातारी नाक मुरडेल, न बोलवावं तर अक्काला वाईट वाटेल. त्यातलं न बोलावणं सोपं, म्हणून तेच चालत आलं. वर्षातून श्रावणाचा एक महिना तेवढा सगळी गल्ली तिच्यापुढं मांडी घालून बसते.

“अक्का,” मी म्हणालो, “सांगून टाक साधा अर्थ. बाई गेली माहेरी, म्हण. कुणाचं काय बिघडतंय?”

“अन् ती तशीच हुबी राहू दे? पाय दुखत नसतील का रे तिचे?”

इकडं बायका अक्काच्या पुढं एक पाऊल गेल्या. कादंबरीत पुरावे तळघरात असतात. देवळाला तळघर नाही, पण मागं विहीर आहे, तीच पोथीतली म्हणतात. नळ आल्यापासून ती कचऱ्यानं बुजलेली. एका सकाळी बायका टोपल्या, फावडी, दोर घेऊन उतरल्या. नगरपालिकेला जे इतक्या निवडणुकांत जमलं नाही ते त्यांनी पुराव्यापायी करून टाकलं. बाहेर काय निघालं विचारू नका. सायकलीचा सांगाडा, खाटेचे पाय, तात्यासाहेब पडले त्या निवडणुकीचे त्यांच्या हसऱ्या फोटोचे फलक. इतके की विहिरीच्या काठावर चहूबाजूंनी तात्यासाहेबच हात जोडून उभे राहिले. आणि सगळ्यात तळाला, गाळातून, एक पितळेची घागर.

एकच गलका झाला. “विहिरीवालीची! विहिरीवालीची घागर!” अक्काला बोलावणं गेलं. कुणी चिंच आणली, कुणी राख. घासता घासता काठावर कोरलेली अक्षरं दिसायला लागली. लग्नात भांड्यांवर नाव घालायची आपली पद्धत. एका शाळकरी पोरीनं वाचलं, “रु-क्मि-ण.”

“सापडलं!” बायका ओरडल्या. “रुक्मिण! बुवाच्या बायकोचं नाव रुक्मिण!”

अक्कानं घागर वळवून पाहिली. “बुवाच्या काळात अशी अक्षरं नसत्यात गं. ही अलीकडची हाय. आपल्या गल्लीत कोण रुक्मिण?”

कुणालाच सांगता येईना. एकेक घर आठवून झालं. रुक्मिण नावाची बाई ह्या गल्लीत कधी नव्हतीच, असा निकाल लागायला आला. तेव्हा मागं उभ्या असलेल्या तात्यासाहेबांच्या बायकोनं, वैजयंताकाकूंनी, घसा साफ केला.

“मी,” त्या म्हणाल्या.

सगळ्या वळल्या.

“मीच रुक्मिण. लग्नात हितं नाव बदललं. घागर माहेरची व्हती. नवी व्हते, हातातनं दोर सुटला. सासूबाईंनी आठ दिवस बोलून घेतलं.” काकूंनी घागर हातात घेतली, अक्षरांवरून अंगठा फिरवला. “ह्या नावानं मला कुणी हाक मारून लई दिवस झाले बघा.”

कुणी तरी हसेल असं वाटलं होतं. हसलं नाही. अक्का म्हणाली, “रुक्मिण, घागर घरी ने बाई,” आणि काकू ती काखेला लावून गेल्या. वाटेत तात्यासाहेबांचे सगळे फलक त्यांच्याकडं हात जोडून बघत होते.

समाप्तीला लोटलेली गर्दी सांगितली तर तुम्ही मला खोटा म्हणाल, म्हणून कमी करून सांगतो: बिदरच्या बाजूनं टेम्पो आले होते, आणि देवळासमोरच्या लिंबावर जी माणसं बसली होती त्यांच्या वजनानं लिंब आजही एका अंगाला झुकलेला आहे. लातूरचे महाराजही आले होते. रेशमी उपरणं, मागं साउंडवाला. तात्यासाहेबांनी त्यांना पहिल्या रांगेत गादी टाकून दिली आणि स्वतः मांडीवर नारळ धरून बसले.

अप्पांनी शेवटचा अध्याय वाचला. मग अक्कानं पदर सावरला.

“विहिरीवालीचं सांगायचं राहिलंय,” ती म्हणाली. “तात्यासाहेब म्हणले पोथीत लिवलंय तेवढंच सांगा. पोथीत लिवलंय ती विहिरीकाठी हुबी व्हती. तर ती हुबी व्हती. बुवा निघाले ते तिला दिसले. तिला वाटलं, कामाला निघाले असतील. तिनं हाक मारली न्हाई. नवरा भायेर निघताना मागून हाक मारत न्हाईत, अपशकुन व्हतो, म्हणून. ते वळणावरून दिसंनासे झाले. ती थांबली. म्हणली, आत्ता येतील. ऊन कलंडलं. दुसऱ्या बाया पाणी भरून गेल्या.”

अक्का थांबली. लिंबावर कुणी तरी फांदी बदलली.

“अन् मंग?” हे पहिल्या रांगेतून आलं. लातूरचे महाराज गादीवरून पुढं सरकले होते. “मंग काय झालं वो अक्का? ढकललं का?”

“ढकलतंय कोण म्हाराज? तिनं घागर भरली, अन् घरी गेली. सासरा म्हातारा व्हता, सकाळधरनं उपाशी व्हता. त्याला भाकरी करून घातली. तो म्हणला, पोरगा कुठं गेला? ती म्हणली, येतील. तिनं त्याची भाकरी झाकून ठिवली. दुसऱ्या दिशी ती शिळी भाकरी सोता खाल्ली, अन् ताजी करून परत झाकून ठिवली.”

“अन् मंग?”

“मंग काई न्हाई. येवढंच हाय. खून न्हाई, तळघर न्हाई. म्हणून तर कुणी लिवलं न्हाई. बुवा थोर व्हतेच, मी कुठं न्हाई म्हणते? त्यांनी वाघाला पायाशी बसवलं. पर त्यांच्या बापाला भाकरी तिनं घातली. येवढी येक ओवी लिवणारा इसरला, ती मी सांगून टाकली. बोला कांबळीबुवा म्हाराज की जय.”

जयजयकार काही झाला नाही. विश्वनाथअप्पा, ज्यांनी जन्मात अर्थाच्या भानगडीत डोकं घातलं नव्हतं, ते चष्मा काढून धोतरानं पुसत होते, आणि चष्मा कोरडा झाला तरी पुसतच होते. अक्काचा नवरा म्हणजे त्यांचा चुलतभाऊ.

आरती झाली. तात्यासाहेब नारळ घेऊन उठले. त्यांनी महाराजांकडं पाहिलं, अक्काकडं पाहिलं, लोकांकडं पाहिलं. एवढ्यात वैजयंताकाकू बायकांतून उठल्या, तरातरा पुढं आल्या आणि त्यांच्या हातातला नारळ काढून घेतला. कलशाखालच्या तांदळांची मूठ भरली आणि अक्कासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“गोदाक्का, पदर धर.”

“कशाला?”

“ओटी भरते तुझी. धर म्हणते ना.”

अक्काला सुचेना. पदर कसा धरायचा असतो हेच ती जणू विसरली होती. एकदा उजवीकडून ओढला, एकदा डावीकडून.

“अगं, ते नारळ म्हाराजांचं हाय!” तात्यासाहेब म्हणाले.

“म्हाराजांना पदर हाय का?” काकू वळूनही न बघता म्हणाल्या.

सगळ्यात मोठ्यानं हसले ते महाराजच. “तात्यासाहेब,” ते म्हणाले, “नारळ बरोबर जागी चाललंय. मी पुढच्या साली ऐकायला येतो. साउंड आणतो, फुकट.”

नारळ पडला, तांदूळ पडले, काकूंनी कुंकू लावलं. मग दुसरी उठली, तिसरी उठली, रांगच लागली. ओटीला तांदूळ पुरेनात तेव्हा गिरणीवाल्यानं दळायला आलेल्या पोत्याचं तोंड सोडलं. गहू की तांदूळ, कुणी पाहिलं नाही. अक्का सारखी म्हणत होती, “पुरे गं, पुरे, पदर फाटंल,” आणि पदर मात्र दोन्ही हातांनी घट्ट धरून होती.

मग मी तिला घरी सोडायला निघालो. ओटीतलं ओझं तिनं मला उचलू दिलं नाही. देवळामागून जाताना विहीर लागली. बायकांनी उपसल्यापासून तळाला चांगलं निवळ पाणी आलं होतं. अक्का जरा थांबली, आत डोकावली, पुन्हा चालायला लागली.

मला राहवलं नाही. “अक्का, त्या दिवसानंतर ती बाई परत कधी ह्या विहिरीवर येऊन उभी राहिली का गं?”

“रोज की,” अक्का म्हणाली. “मंग नळ आला.”